‘सगळं जोडलेलं आहे’ हे ऐकून हप्त्याची धास्ती जात नाही, मग काय करायचं?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, काम करणाऱ्या तरुणानं हा प्रश्न विचारला आहे. गाव खानापूर तालुक्यात, वय बत्तीस. बेळगावात घराचं कर्ज. गावाकडं आई-वडील, थोडं भात, थोडे काजू. वडिलांचे गुडघे गेलेत. रात्रपाळीत जेवणाच्या सुट्टीला ते मोबाइलवर बौद्ध विचारांची प्रवचनं ऐकतात. त्यातली दोन वाक्यं त्यांच्या मनात बसली आहेत: सगळं एकमेकांशी जोडलेलं आहे, आणि आहे त्या क्षणात समाधानी राहा. त्यांनी लिहिलंय, ‘ऐकताना बरं वाटतं. हप्त्याची तारीख जवळ आली की सगळं उडून जातं. समाधानी झालो तर ओव्हरटाइम कशासाठी करू? आणि सगळं जोडलेलं असेल तर मला इतकं एकटं का वाटतं?’ शेवटी विचारलंय, दहा दिवसांच्या शिबिराला जाऊ का.

मी बेळगावातच, वडगावात राहते. घरात चार यंत्रमाग होते, आता दोन चालतात. पहिलं विपश्यना शिबिर इगतपुरीला धम्मगिरीवर २००१ साली केलं. मधलं दीड वर्ष सोडलं तर तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ बसते. रविवारी विहारात आम्ही बारा-पंधरा जण एकत्र बसतो. नव्यानं येणाऱ्यांच्या शंका बहुतेक माझ्याकडंच येतात आणि तुमच्यासारखा प्रश्न वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचे प्रश्न तीन दिसतात, पण त्यांच्या मुळाशी एकच अडचण आहे असं मला वाटतं. ‘जोडलेलं असणं’ आणि ‘समाधान’ या दोन्ही गोष्टी तुम्ही मनात आणायच्या भावना समजून धरल्या आहेत. प्रवचन ऐकताना ती भावना येते, कानातून इयरफोन काढला की जाते. मग वाटतं, आपलंच काही चुकतंय. खरं तर या दोन्ही गोष्टी आणायच्या नसतात. पहिली बघायची असते आणि दुसरी करायची असते. बघणं-करणं म्हणजे नेमकं काय, ते पुढं सांगते.

त्याआधी, काय कशावर अवलंबून आहे ते मोकळेपणानं सांगितलेलं बरं. पगार हातात येतो आणि हप्ता-घरखर्च जाऊन काही उरतं, पण तरीही धास्ती वाटते, असं असेल तर मी सांगतेय ते उपयोगी पडेल. पगारापेक्षा देणंच जास्त असेल तर आधी कर्जाचा हिशेब घेऊन जाणत्या माणसापुढं बसा. श्वास बघून व्याज कमी होत नाही. आणि रात्रपाळी नसतानाही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर आधी डॉक्टर, मग ध्यान. हा क्रम उलटा करू नका. मी हा उलटा क्रम एकाच्या बाबतीत होऊ दिला होता, ते मला अजून टोचतं. एक मुलगा आमच्याकडं येऊन बसायचा आणि मी त्याला ‘बघत राहा, बघत राहा’ एवढंच सांगत राहिले. औषध सुरू झाल्यावर तो सावरला. माझ्या सांगण्यानं नाही.

आता पहिली गोष्ट, जोडलेलं असणं.

लग्न होऊन आले तेव्हा मला मागाची काही माहिती नव्हती. एकदा सायझिंगहून, म्हणजे सुताला खळ लावतात तिथून, ताण्याचे धागे गुंडाळलेला बीम आला होता, वहीफणी, म्हणजे एकेक धागा मागाच्या वहीतून आणि फणीतून ओवणं, चालली होती आणि कडेचे शंभरेक धागे एकात एक गेले. मी पुढं होऊन ओढायला लागले. सासूबाई ओरडल्या, ‘ओढूलालीस कशाला ग? ओढलीस की गाठ घट्ट होतंय. सैल सोड आधी!’ त्यांनी दोन्ही तळवे धाग्यांखाली घातले, सगळा झुबका नुसता झुलवला, ढील दिली. मग त्या बीमच्या मागच्या बाजूला गेल्या. एकेक धागा कुठून निघतो, कुणाच्या खालून जातो, कुणावर चढतो, हे चिमटीत धरून बघत पुढं आल्या. पाऊण तास लागला. एकही धागा तोडावा लागला नाही. मला तेव्हा फक्त एवढं कळलं की गाठ दिसते पुढं, पण सुटायला लागते मागून.

पुढं कित्येक वर्षांनी दीघनिकाय या बुद्धवचनांच्या संग्रहातलं महानिदान सुत्त, म्हणजे त्यातला एक उपदेश, वाचायला मिळालं आणि अंगावर काटा आला. त्यात बुद्धांचा शिष्य आनंद म्हणतो, भगवान, हा पटिच्चसमुप्पाद म्हणतात खोल, पण मला तर अगदी उघड दिसतो. बुद्ध त्याला तिथंच अडवतात. असं म्हणू नकोस आनंदा. हा धम्म खोल आहे आणि तो न उमगल्यामुळंच ही प्रजा गुंतलेल्या सुतासारखी, गाठी पडलेल्या लडीसारखी झाली आहे. पालीत शब्दच आहे ‘तन्ताकुलकजाता’. तन्त म्हणजे सूत. विणकराच्या घरात राहून मला हे कुणी फोड करून सांगावं लागलं नाही.

पटिच्चसमुप्पाद म्हणजे प्रतीत्यसमुत्पाद, कशाच्या तरी आधारानं उपजणं. त्याचं सूत्र साधं आहे: हे असलं की ते होतं, हे उपजलं की ते उपजतं, हे नसलं की ते होत नाही, हे थांबलं की ते थांबतं. बघा, यात ‘सगळं एकच आहे’ असं कुठंही म्हटलेलं नाही. हल्ली ऐकायला मिळणारी गोड भाषा, की आपण सगळे एक, विश्व तुमच्यात आणि तुम्ही विश्वात, ती वेगळी. महायान या बौद्ध पंथात इंद्राच्या जाळ्याची उपमा आहे: जाळ्याच्या प्रत्येक गाठीत एक रत्न आणि प्रत्येक रत्नात बाकी सगळ्या रत्नांची प्रतिबिंबं. अवतंसक सूत्राच्या परंपरेत, पुढं चीनमध्ये, तिचा मोठा विस्तार झाला. फार सुंदर उपमा आहे आणि तिचा मला आदर आहे. पण हप्त्याच्या आदल्या रात्री ती उपयोगी पडत नाही. त्या रात्री हवा असतो तो सुताचा हिशेब: माझ्या छातीतली ही धडधड नेमकी कशावर उभी आहे?

या हिशेबाच्या बारा कड्या सांगितल्या आहेत, अविज्जेपासून, म्हणजे अज्ञानापासून, जरामरणापर्यंत. त्या पाठ करायची तुम्हाला आता गरज नाही. मधल्या तीनच धरा: फस्स, वेदना, तण्हा. फस्स म्हणजे स्पर्श. डोळ्याला दिसणं, कानाला ऐकू येणं, मनाला विचार शिवणं, सगळे स्पर्शच. स्पर्श झाला की वेदना होते. मराठीत वेदना म्हणजे दुखणं, पण पालीत ती तीन प्रकारची: सुखद, दुःखद आणि यातली कुठलीच नाही अशी. वेदनेच्या आधारानं तण्हा उपजते, म्हणजे हवं-नको.

तुमचंच उदाहरण घेऊ. फोन थरथरतो, बँकेचा संदेश दिसतो: हप्ता अमुक तारखेला. हा स्पर्श. लगेच पोटात काहीतरी आवळतं. ही वेदना. इथवर तुमचा काही दोष नाही आणि यात बदलण्यासारखंही काही नाही. त्याच्या पुढच्याच क्षणी मन म्हणतं, ‘हे नको. हे कधी संपणार? त्या दोस्तानं दुबईला जाऊन कर्ज फेडलं, मी इथंच सडतोय. वडिलांचं ऑपरेशन निघालं तर?’ ही तण्हा आणि तिच्यामागून येणारी वरात. हे सगळं दोन-तीन सेकंदांत होतं म्हणून ते एकच वाटतं. ‘मला टेन्शन आलं’ असं आपण म्हणतो. ध्यानात इतकी वर्षं मी मुख्यतः एकच काम करत आले आहे: पोटातलं आवळणं आणि मनातलं ‘नको’ यांच्यामधली फट बघणं. आवळणं आवळणं म्हणून बघितलं की ते बदलतं. कधी गरम होतं, कधी वर सरकतं, कधी मिनिटभरात विरतं, कधी तासभर राहतं. पण त्यावर ‘नको’ चढलं नाही तर पुढची वरात निघत नाही. ओढलं नाही तर गाठ आवळत नाही.

हे मी २०१९ साली घरात पाणी शिरलं तेव्हा शिकले. आधी नुसतं वाचलेलं होतं. त्या ऑगस्टचा पाऊस तुम्हाला आठवत असेल. बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारातून वस्तीत आलं. आमच्याकडं दोन मोटरी बुडाल्या आणि चढवलेल्या बीमचं सूत कुजलं. भिंत फुगली. विमा नव्हता. मी तेव्हा अठरा वर्षांची साधक होते, पण मला समाधान-बिमाधान काही सुचलं नाही. नुसता संताप. रोज बसायचे आणि छातीत निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. दोन-अडीच आठवड्यांनी कधीतरी लक्षात आलं की मी ज्याला ‘नुकसान’ म्हणत होते त्यात तीन निरनिराळे धागे आहेत. एक, मोटरी बिघडल्या. हे खरं नुकसान, त्याला पैसे लागणार. दोन, आता पुढं कसं होणार. ही भीती, तिला अजून काही घडलेलं नव्हतं. तीन, आमच्याच वाट्याला का. याला तर कशाचाच आधार नव्हता, कारण गल्लीतल्या बहुतेक घरांची तीच गत होती. निखारा जळत होता तो सगळा तिसऱ्याच्या जोरावर.

आणि त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडली. पाणी ओसरल्यावर आम्ही गल्लीतली माणसं घरामागचा नाला उपसायला उतरलो. जलपर्णी निघाली, प्लास्टिक निघालं, थर्माकोल निघालं. आणि एका ठिकाणी खोऱ्याला काहीतरी चिवट लागलं. ओढून काढलं तर सुताचा गोळा, घमेल्याएवढा. धुतल्यावर आत गुलाबी रंग दिसला. तो रंग मी ओळखला. दोन वर्षांपूर्वीच्या एका ऑर्डरचं सूत होतं, आमच्याच मागावरचं. कांड्या (बाण्याच्या सुताच्या नळ्या) भरताना उरलेला गुंता आम्ही गोणीत भरून नाल्याकडं टाकत होतो. सगळेच टाकत होते. पुराची कारणं मोठी होती: पाऊस, गाळ, नाल्याच्या दोन्ही काठांवर झालेली बांधकामं. पण त्या कारणांत एक घमेलंभर कारण माझ्या हातचं होतं. ‘सगळं जोडलेलं आहे’ हे वाक्य मला त्या दिवशी चिखलात उभं राहून कळलं आणि ते मुळीच गोड नव्हतं. सुताचा कचरा टाकणं आम्ही बंद केलं. माग फूटभर कट्ट्यावर घेतले. गाळ काढा म्हणून गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्यांचं निवेदन घेऊन कचेरीत चारदा गेलो, चौथ्यांदा मशीन आलं. शांत मनानं गेलो म्हणून चारदा जाता आलं. पहिल्या आठवड्यातल्या रागात गेले असते तर एकदाच भांडून परत आले असते.

इथवरचं थोडक्यात: जोडलेलं असणं ही भावना नाही, कारणांचा हिशेब आहे. त्यातली काही कारणं तुमच्या हातात नाहीत, काही अर्धवट हातात आहेत, आणि वेदना ते तण्हा हा एक टप्पा मात्र रोज तुमच्या हातात येतो.

आता समाधान. यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण या शब्दाचा आपल्याकडं फार गैरवापर झाला आहे.

सीमाभागातल्या माणसाला ‘आहे ते मान्य कर’ हे वाक्य नवं नाही. माझ्या वडिलांच्या आयुष्यात १९५६ साली अठरा दिवसांत दोन गोष्टी झाल्या. १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. १ नोव्हेंबरला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. वडील म्हणायचे, एकानं मला मान वर करायला शिकवलं आणि दुसऱ्याच्या बाबतीत सगळे सांगत राहिले, आता मान खाली घाल. त्याच्याही आधी, १९२५ च्या एप्रिलमध्ये, बाबासाहेब निपाणीला बहिष्कृत परिषदेसाठी येऊन गेले होते आणि त्या परिषदेच्या गोष्टी आमच्या घरात आजीच्या तोंडून आलेल्या आहेत. ज्या घरानं पिढ्यान् पिढ्या ‘तुमच्या नशिबात आहे त्यात सुख माना’ ऐकलं, त्या घरातल्या मला समाधान हा शब्द सुरुवातीला ऐकवायचाच नाही. इगतपुरीला पहिल्या शिबिरात मी याच शंकेनं अर्धी बाहेर होते.

शंका फिटली ती बाबासाहेबांमुळं. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी संतुट्ठीचा, म्हणजे समाधानाचा, अर्थ नेमका सांगितला आहे: संतुट्ठी म्हणजे लाचारी नव्हे, परिस्थितीला शरण जाणं नव्हे, ज्याला सीमा नाही अशा लोभाच्या ताब्यात माणसानं जाऊ नये, एवढाच तिचा अर्थ. गरिबीला बुद्धांनी धन्य म्हटलेलं नाही, हेही ते तिथं स्पष्ट करतात. आणि खुद्द सुत्तांमध्ये पाहिलं तर भिक्खूला संतुष्ट राहायला सांगितलंय ते चीवर, भिक्षा, निवारा अशा बाबतींत. प्रयत्नांच्या बाबतीत बुद्ध स्वतःबद्दल नेमकं उलट सांगतात. अंगुत्तरनिकाय या दुसऱ्या संग्रहात ते म्हणतात, दोन गोष्टींचं मोल मी जाणलं: कुशल धम्मांच्या, म्हणजे चांगल्या गुणांच्या, बाबतीत असंतुष्ट राहणं आणि प्रयत्नात माघार न घेणं. असंतुष्ट, हाच शब्द. चांगल्या कामात ‘आता पुरे’ म्हणू नका.

तेव्हा ओव्हरटाइमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. समाधानी माणूस ओव्हरटाइम करू शकतो. फरक कुठं पडतो, सांगते. शनिवारी जादा चार तास थांबायचं ठरवताना मनात ‘वडिलांच्या गुडघ्यासाठी एवढे जमवायचेत’ असेल तर त्या कामाला शेवट आहे. रक्कम झाली की थांबता येतं. मनात ‘शेजारच्या मशीनवाल्यानं गाडी घेतली’ असेल तर त्याला शेवट नाही, कारण गाडी आली की दुसरं कुणीतरी दुसरं काहीतरी घेतंच. काम तेच, तास तेच, रुपये तेवढेच. पहिल्या कामाहून तुम्ही दमून घरी याल, दुसऱ्याहून दमून आणि उणं होऊन याल. थांबायचं की नाही हे ठरवण्याआधी एवढंच विचारा: याला शेवट आहे का? हा प्रश्न मी स्वतः सणाच्या ऑर्डरीच्या वेळी दरवर्षी विचारते. दोन वर्षं मी ऑर्डर सोडली, तीन वर्षं रात्री जागून पुरी केली. दोन्ही वेळा चुकलं नाही.

कर्जाबद्दल बोलायला धम्म लाजत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. बुद्धांनी अनाथपिंडिक या आपल्या व्यापारी उपासकाला गृहस्थाची चार सुखं सांगितली आहेत: कष्टानं मिळवलेलं जवळ असण्याचं सुख, ते उपभोगण्याचं सुख, कर्ज नसण्याचं सुख आणि निर्दोष वागण्याचं सुख. तिसऱ्याला नावच आहे ‘अनणसुख’. म्हणजे कर्जाचं ओझं हे खरं ओझं आहे, ते जाणवणं ही तुमच्या साधनेतली कमतरता नव्हे. सिगाल नावाच्या तरुणाला केलेल्या उपदेशात, सिगालोवाद सुत्तात, तर मिळकतीचे चार भाग करायला सांगितलेत: एक भाग उपभोगाला, दोन धंद्या-कामात, चौथा अडीअडचणीसाठी बाजूला. घराचा हप्ता भरणाऱ्याला ही वाटणी जशीच्या तशी जमणार नाही, मला कळतं. पण चौथ्या भागाच्या जागी महिन्याला पाचशे रुपये का होईना, वेगळ्या खात्यात टाका. आमच्या गटातल्या ज्यांनी हे केलं त्यांची झोप सुधारली. रक्कम तर नगण्यच असते. पण ‘काही झालं तर?’ या भीतीला पहिल्यांदा काहीतरी उत्तर मिळतं.

आता वर्तमान क्षण. तुम्ही लिहिलंय, ‘क्षणात राहायचं तर उद्याचा विचारच करायचा नाही का?’

मज्झिमनिकाय या संग्रहात भद्देकरत्त सुत्त आहे. भूतकाळाच्या मागं धावू नये, भविष्याची आस धरू नये, समोर जे आहे ते तिथंच नीट पाहावं, असं त्यात आहे आणि लोक एवढंच सांगून थांबतात. पण त्याच गाथांमध्ये पुढची ओळ येते: ‘अज्जेव किच्चमातप्पं, को जञ्ञा मरणं सुवे’. प्रयत्न आजच करायचा. उद्या मरण येणार नाही हे कुणाला ठाऊक? म्हणजे क्षणात राहण्यात हातपाय हलवणं आलंच. उद्याचं काम आज करणं हे आजच असतं. उद्याची काळजी आज करणं यात मात्र आजही जातो आणि काम तर होतच नाही. मी हिशेबाला वेळ नेमून दिलाय. शनिवारी संध्याकाळी सात ते आठ, वही आणि पेन घेऊन. सुताची उधारी, वीजबिल, व्यापाऱ्याकडून येणं, सगळं. त्या तासात मी पूर्ण हिशेबात असते. मग मंगळवारी दुपारी मन बिलाकडं पळालं की मी त्याला सांगू शकते, शनिवारी. ऐकतंच असं नाही. पण ज्याचा शनिवार ठरलेला नाही त्याच्या मनाला तर ऐकायलाही काही नसतं.

आणि क्षणात राहणं तुम्हाला येत नाही असं समजू नका. टूल झिजलं की मशीनचा आवाज बदलतो, तो तुम्हाला आकड्यांकडं न बघता कळतो ना? माग चालू असताना मी भाकरी थापते. बाणा तुटला की माग आपोआप थांबतो, पण ताण्यातला एक धागा तुटला तर माग खडखडत राहतो आणि कापडावर उभी रेघ पडत जाते. मला स्वयंपाकघरात बसून त्या खडखडाटातला फरक कळतो. मी काही कान टवकारून बसलेली नसते. कळतो, उठते, मागच्या बाजूला जाते, तुटलेलं टोक शोधते, सांधते, वहीतून-फणीतून ओवते, माग सुरू करते. त्या दोन मिनिटांत मी चिडलेली नसते आणि भविष्यातही नसते. अशी दोन मिनिटं तुमच्या पाळीत दिवसाला दहा वेळा येत असतील. ती कुठून येतात हे फक्त ओळखायला लागा. रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं पाठ ताठ ठेवून बसा, डोळे मिटा, नाकपुड्यांपाशी आत येणारा-बाहेर जाणारा श्वास बघा. मोजायचा नाही, लांबवायचा नाही. मन गेलं की गेलं हे कळलं, परत आणलं, झालं. सुरुवात म्हणून एवढं भरपूर आहे.

राहिलं एकटेपण. ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण मला वाटतं तुमचं खरं दुखणं तेच आहे.

मघाचाच सिगाल बापाच्या सांगण्यावरून सकाळी सहा दिशांना नमस्कार करत होता. बुद्ध त्याला म्हणाले, दिशा अशा पुजत नाहीत. पूर्व म्हणजे आई-वडील, दक्षिण म्हणजे गुरुजन, पश्चिम म्हणजे बायको-मुलं, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे हाताखाली काम करणारी माणसं आणि वरची म्हणजे श्रमण-ब्राह्मण, धर्ममार्गावरची माणसं. प्रत्येक दिशेला आपण काय द्यायचं आणि तिकडून काय येतं, दोन्ही सांगितलंय. हाताखालच्या माणसाला त्याच्या ताकदीइतकंच काम द्यावं, जेवण-मजुरी द्यावी, आजारात बघावं, चांगलंचुंगलं केलं तर वाटून खावं, वेळेवर सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आजही कारखान्याच्या भिंतीवर लावण्यासारखी आहे. जोडलेलं असण्याचा गृहस्थासाठी सगळ्यात उघड अर्थ हा आहे, असं माझं मत. विश्वाशी नंतर जोडून घेऊ, आधी सहा दिशा.

तुमच्या पत्रात मला पूर्व दिसली, तीही फक्त दुखरा गुडघा म्हणून. वडिलांशी शेवटचं बोलणं औषधाशिवाय कशावर झालं? काजूला मोहोर किती आला, रोप लावणीला माणसं मिळतात का, हे विचारलं? तुमच्या मशीनवर हेल्पर असेल. त्याचं गाव कुठलं, ते माहीत आहे? आमच्या शेजारी एक अक्का राहत होत्या, कन्नड बोलणाऱ्या. मला सुताची ती बारीक गाठ, जी फणीत अडकत नाही, त्यांनी शिकवली. मला कन्नड जेमतेम, त्यांना मराठी तुटकं. त्यांनी माझा अंगठा धरून दोनदा गाठ मारून दाखवली. आजही मी दिवसाला पन्नास-साठ वेळा तीच गाठ मारते. त्या गेल्या त्याला अकरा वर्षं झाली. मला एकटं वाटलं की मी कुठलं तत्त्वज्ञान आठवत नाही, अंगठ्याकडं बघते.

म्हणून एक छोटं काम सांगते. पुढचे सहा आठवडे दर आठवड्याला एक दिशा घ्या आणि त्या दिशेला एक गोष्ट द्या. पैसेच द्यायला हवेत असं नाही. कुणाला दवाखान्यात नेणं, जुन्या मास्तरांना फोन, बायकोला एक रविवार पूर्ण सुट्टी, हेल्परला टूल बदलायला शिकवणं. एकटेपण जाईल याची खात्री मी देत नाही. पण ते कुठल्या दिशेला जास्त आहे हे तुम्हाला नक्की कळेल, आणि मग आपण पुढं बोलू.

शिबिराचं. माझं मत, जा, पण एवढ्यात नको. आधी दोन महिने रोज दहा मिनिटं घरी बसा. जमलं तर मग अर्ज करा. आपल्याला जवळचं केंद्र म्हणजे हातकणंगल्याजवळ आळत्याचं धम्मालय, कोल्हापूर जिल्ह्यात. दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन, पहाटे चारला घंटा, फोन जमा. पहिले तीन दिवस फक्त श्वास, चौथ्या दिवसापासून विपश्यना, म्हणजे अंगावरच्या संवेदना बघणं. राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाहीत. शेवटी ज्याला वाटेल त्यानं दान द्यावं. अर्जात प्रकृतीबद्दल आणि मनाच्या आजारांबद्दल विचारतात, तिथं काही लपवू नका. दहा दिवस आणि येण्या-जाण्याचे दोन, अशी बारा दिवसांची रजा लागेल, म्हणून आताच सुपरवायझरच्या कानावर घाला. हप्त्याची तारीख त्या दिवसांत येत असेल तर पैसे आधीच खात्यात ठेवा, घरात कुणालातरी सांगून ठेवा. तिसऱ्या दिवशी पाय भयंकर दुखतात आणि पळून यावंसं वाटतं, ते सगळ्यांनाच वाटतं. थंडीत जाणार असाल तर जाड चादर न्या, पहाटेच्या बैठकीला लागते.